प्रति: 'संत तुकाराम'मधले चमत्कार आता हास्यास्पद वाटतात

'संत तुकाराम' सिनेमात शेवटी तुकोबांना वैकुंठाला नेणारं गरुडाचं विमान पाहून पोरं हसतात, हे अगदी मान्य. नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या गणपतीत पडदा लावून दाखवला तेव्हा गरुडावर यथेच्छ हशा झाला. पण तुकोबांची बायको आवली चिडून वहाण उगारत थेट विठोबापुढे जाते, तिथे तीच पोरं सरसावून बसली. १९३६ च्या सिनेमाला अजून काय हवं? वैकुंठ खरं वाटतं ते तिच्या कटकटीमुळे, ट्रिकसीनमुळे नव्हे (हे माझं मत, भांडायला तयार आहे).

वरच्या प्रतिसादांत कुणी सिनेमातलं 'आधी बीज एकले' हे गाणं तुकोबांच्या गाथेत शोधतंय. सापडणार नाही. ती रचना शांताराम आठवल्यांची, याच सिनेमासाठी लिहिलेली. भल्याभल्यांना ती तुकोबांचीच वाटली होती.