मदत हवी आहे: उजवा इंडिकेटर दिला की डावाही मिणमिणतो

गाडी २००९ची, सहाचाकी, २४ व्होल्ट. बंपरवर नंतर बसवलेल्या दोनरंगी डीआरएल (दिवसाही चालू राहणाऱ्या लाइटच्या) पट्ट्या आहेत. इंडिकेटर दिला की त्या बाजूची पट्टी पांढऱ्याची पिवळी होते. डावा ठीक चालतो. उजवा दिला की डावी पट्टीही मंद पिवळी लुकलुकते. हॅझार्डला (चारही इंडिकेटर एकदम) सगळं व्यवस्थित. पार्किंग लाइट चालू-बंद करून फरक नाही.

२१ वॅटचे चारही बल्ब बदलले, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) नवा टाकला. उजव्या हेडलाइटमागच्या अर्थिंगच्या (वायर बॉडीला जोडणाऱ्या) बोल्टखाली हिरवट थर होता, तो पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला. डीआरएलचा फ्यूज काढला तर पांढरी विझते, पण डावी पिवळी लुकलुकतेच! बेळगावातला वायरमन म्हणतो, पूर्ण वायरिंग बदला. एवढ्यासाठी? मला पटत नाही.

टेस्ट लॅम्प आहे, मल्टिमीटर उसना मिळेल. रात्री भाजी घेऊन गोव्याचा घाट उतरायचा असतो, त्यामुळे गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवता येत नाही. पट्ट्यांचा कंट्रोल बॉक्स ग्रिलमागे सिलिकॉनने चिकटवलाय, म्हणून फोडण्याआधी विचारतो: करंट त्या बॉक्समधूनच उलटा येतोय की स्टिअरिंगखालच्या इंडिकेटर स्विचमधून, हे बॉक्स न काढता कसं ओळखायचं? आणि दोष बॉक्सचाच निघाला, तर दोन्ही पिवळ्या वायरींत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकून भागेल का?