परंपरा मानणाऱ्या ख्रिस्ती तरुणाने नोकरीसाठी मुंबई सोडावी का?

भायखळेकर (प्रश्नकर्ता)

सर्वांना सलाम.

माझे वय २७ आहे. भायखळ्याच्या चाळीत वाढलो आणि तिथल्याच उत्तर भारतीय चर्चच्या मराठी मंडळीत (मंडळी म्हणजे चर्चच्या सभासदांचा समूह) माझा बाप्तिस्मा व दृढीकरण झाले. आजोबा नेवासे तालुक्यातून गिरणीत कामाला आले होते. मी एका औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी प्रयोगशाळेत पाच वर्षे काम करतो. कंपनी आता ही प्रयोगशाळा हैदराबादजवळच्या जीनोम व्हॅलीत हलवत आहे. पगार जवळजवळ दीडपट होईल, मात्र होकार किंवा नकार पंधरा दिवसांत कळवायचा आहे. नकार दिल्यास मुंबईत याच कामाची जागा मिळेल अशी चिन्हे सध्या दिसत नाहीत.

प्रश्न केवळ पगाराचा असता तर मी इथे लिहिले नसते. राजकीय विचारांनी मी परंपरावादी आहे. (मराठीत यासाठी मनाजोगता शब्द मला सापडलेला नाही. ‘पुराणमतवादी’ म्हटले की तो दोष वाटतो आणि ‘सनातनी’ म्हटले की अर्थ दुसरीकडेच जातो.) विवाह आयुष्यभराचा असतो, न जन्मलेले मूलही मूलच असते, आणि जे काम कुटुंब, शेजार व मंडळी करू शकतात ते सरकारने आपल्या हाती घेऊ नये, असे मी मनापासून मानतो. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, आणि आपल्या समाजाने त्या काळी राखीव मतदारसंघांचा आग्रह सोडून दिला, याचा मला अभिमान वाटतो. अल्पसंख्य म्हणून सवलत मागण्यापेक्षा नागरिक म्हणून बोलावे, असे माझे मत आहे.

अडचण अशी की मतदानाच्या दिवशी मला घर सापडत नाही. कुटुंब आणि परंपरा यांविषयी जे आवर्जून बोलतात, त्यांच्याच आसपासची काही माणसे आमच्या घरगुती प्रार्थनासभेकडे संशयाने पाहतात. घटनेच्या २५ व्या कलमाने दिलेले धर्मस्वातंत्र्य आमच्या बाजूने जे मांडतात, त्यांना माझी विवाहाविषयीची आणि गर्भाविषयीची मते मागासलेली वाटतात. शिवाय अनुसूचित जाती कोणत्या हे ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा प्रश्न आहेच. अनुसूचित जातींच्या सवलती १९५६ साली शीख धर्मीयांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना मात्र नाहीत. आमच्या नात्यातल्या कित्येक घरांचा हा रोजचा प्रश्न आहे. सवलती न मागण्याच्या माझ्या भूमिकेशी तो कसा जुळवावा, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

आता स्थलांतराविषयी. परंपरा ही हवेत नसते, ती माणसांत आणि जागेत असते, असे मी दहा ठिकाणी बोललो आहे. रविवारी उपासनेला मी पेटी वाजवतो. त्या पेटीची एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही, त्यामुळे ती करंगळीने उचलून पुढचे कडवे गाठावे लागते. माझ्याआधी ही युक्ती ज्या काकांना ठाऊक होती, ते मागच्या वर्षी गेले. चाळींच्या पुनर्विकासामुळे आमची निम्मी कुटुंबे बदलापूर, विरार, पनवेलकडे पांगली आहेत. दोन गाड्या बदलून उपासनेला येणाऱ्या आजींसमोर दीडपट पगाराचे कारण सांगताना माझी मान खाली जाईल. जो मनुष्य मुळांविषयी एवढे बोलतो, त्याने पहिल्याच कसोटीला गाव सोडले तर त्याच्या विचारांना काय अर्थ उरतो? ज्यांनी असा निर्णय घेतला आहे, त्यांनी कृपया लिहावे. ज्यांना माझे राजकारण पटत नाही, त्यांचेही उत्तर मला हवे आहे.

उत्तनकर

मित्रा, मी वयाने तुझ्या वडिलांएवढा असेन, म्हणून एकेरीत लिहितो. मी कॅथलिक आहे, ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातला मूळचा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज), उत्तनचा. १९८४ ते १९९५ मी बहारीनमध्ये होतो. त्या काळी फोन महाग असल्यामुळे बाबा कॅसेटवर बोलून ती कुणाच्या तरी हाती पाठवायचे. एका कॅसेटमध्ये त्यांच्या आवाजामागे सतत ठकठक ऐकू येते, कारण शेजारी बोंबील वाळवायचे बांबू ठोकत होते. ती कॅसेट मी अजून जपून ठेवली आहे. बाबा गेले तेव्हा कंपनीने सुट्टी नाकारली आणि मी त्यांच्या मातीला पोहोचू शकलो नाही. तेव्हा जाण्याची किंमत मला ठाऊक आहे.

तरीही तुझ्या मांडणीतली एक गोष्ट मला पटत नाही. राहणे म्हणजेच राखणे, असे तू धरून चालला आहेस. आमच्या गावठाणांतून जी माणसे कधीच बाहेर गेली नाहीत, त्यांतल्या अनेकांच्या जमिनी आणि घरे गेली. ती गावातच होती, पण गावाच्या बैठकीला नसत. जागा राखायची तर तिच्यासाठी काही करावे लागते, नुसते तिथे झोपून ती राखली जात नाही. काका बॅप्टिस्टांचे उदाहरण घे. माझगावच्या मातारपाखाडीत जन्मलेला हा मनुष्य कायदा शिकायला केंब्रिजला गेला, परत आला, लोकमान्य टिळकांचा सहकारी झाला, १९१६ साली होमरूल लीगचा अध्यक्ष झाला, आणि १९२५ साली या शहराचा महापौर झाला. त्यांचे आणि टिळकांचे धर्म वेगळे होते. टिळक आपल्या धर्माविषयी किती आग्रही होते हे सांगायला नको. तरी दोघांनी एकत्र काम केले, कारण काम कोणते करायचे याविषयी दोघांच्या मनात स्पष्टता होती. मतदानाच्या दिवशी तुला ‘घर’ हवे असते, आणि माझ्या मते तिथेच तुझी चूक होते. घर मंडळीत असते. पक्षाकडे फक्त काम सोपवायचे असते.

तू सरकार, कुटुंब आणि मंडळी यांच्याविषयी जे लिहिलेस, ते आमच्याकडे १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी नीट मांडले आहे: खालच्या पातळीवर जे होऊ शकते ते वरच्या सत्तेने काढून घेऊ नये. पण हे तत्त्व मानणाऱ्याने दिल्लीपेक्षा आपल्या प्रभागाकडे अधिक पाहायला हवे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होता. आपल्यासारख्या विचारांच्या किती जणांनी त्याविरुद्ध आवाज उठवला? मीही उठवला नाही, आणि त्याची मला खंत वाटते.

जायचे असेल तर जा. मात्र परत येण्याचे वर्ष आजच ठरव आणि ते आईवडिलांना सांगून ठेव. मी ते ठरवले नव्हते, म्हणून दोन वर्षांची अकरा झाली.

सिकंदराबादवासी

मी २०१९ साली घाटकोपरहून इकडे आले. आमची मंडळीही उत्तर भारतीय चर्चची होती, म्हणून प्रश्नकर्त्यांना काही व्यावहारिक गोष्टी सांगते.

निघण्यापूर्वी आपल्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचे पत्र घ्या. दक्षिण भारतीय चर्च सप्टेंबर १९४७ मध्ये स्थापन झाले आणि आपले उत्तर भारतीय चर्च नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला. दोघांत पूर्ण सहभागिता असल्यामुळे, म्हणजे एकाचे सभासद दुसऱ्यात मान्य असल्यामुळे, प्रभुभोजनाला कोणतीही अडचण येत नाही. पत्र नसले तरी कुणी अडवत नाही, पण पत्र असले की पहिल्या आठवड्यापासून तुम्ही पाहुणे राहत नाही.

पहिले काही महिने मी सोयीची म्हणून इंग्रजी उपासनेला जात असे, आणि ती माझी चूक होती. तिथे बहुतेक जण माझ्यासारखेच नोकरीसाठी आलेले असत आणि ओळख होईपर्यंत त्यांची बदली होत असे. नंतर तेलुगू उपासनेला जाऊ लागले, तेव्हा मला अक्षरही वाचता येत नव्हते. पांढऱ्या साडीतल्या एका आजींनी पहिल्याच रविवारी मला चटईवर जागा करून दिली, स्वतःच्या तेलुगू बायबलमधल्या ओवीखाली बोट धरले आणि बोटांनीच अध्याय व ओवीचा आकडा दाखवला. मी माझ्या मराठी बायबलमध्ये ती ओवी शोधून काढली. दोन वर्षे आम्ही अशाच शेजारी बसून वाचत होतो. तुम्ही ज्याला परंपरा म्हणता, ती मला मुंबईत आयती मिळाली होती. इथे ती मागून घ्यावी लागली, आणि तेव्हाच तिचे मोल कळले.

बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहून सांगितले होते की तिथे घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. तो उपदेश नाइलाजाने गेलेल्यांना होता. आपण तर स्वेच्छेने जातो, मग आपली जबाबदारी अधिकच.

एक गोष्ट लेखी घ्या: रविवारची पाळी. स्थिरता चाचणीचे (औषध किती काळ टिकते हे पाहण्याचे) नमुने काढण्याची तारीख रविवारी आली की नव्या माणसालाच बोलावले जाते, हे तुम्हाला सांगायला नको. माझे पहिले सहा महिने असेच गेले. आणि सवड मिळाली की मेदकचे चर्च अवश्य पाहा. दुष्काळात लोकांना काम आणि अन्न मिळावे म्हणून १९१४ च्या सुमारास सुरू झालेले ते बांधकाम १९२४ साली पूर्ण झाले. मंडळीने करायची कामे कोणती, हे तिथे उभे राहिल्यावर वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

गिरगावचा वाचक

मी हिंदू आहे आणि राजकीय मतांनी प्रश्नकर्त्यांच्या बऱ्याच विरुद्ध बाजूला आहे. आपण मोकळेपणाने विचारले आहे, म्हणून तसेच उत्तर देतो.

आपल्या मतांचे घर या देशात कधीच नव्हते, असे नाही. राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) आणि मिनू मसानी यांचा स्वतंत्र पक्ष १९५९ साली निघाला. सरकारचा हात आखूड असावा, मालमत्तेचा हक्क राहावा, परवान्यांचे राज्य नसावे, ही त्याची भूमिका होती. १९६७ च्या लोकसभेत त्याचे ४४ सदस्य होते आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता. १९७४ साली तो विसर्जित झाला. त्यानंतर परंपरेचा कैवार घेणारे आणि सरकारचा हात आखडावा म्हणणारे एका छताखाली क्वचितच राहिले. तेव्हा बेघर आपण एकटे नाही.

गर्भपाताविषयी मात्र माझा स्पष्ट मतभेद आहे. १९७१ च्या कायद्याने वैद्यकीय गर्भपाताला परवानगी दिली आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर नेली. हा आपल्याकडे पक्षापक्षांतला वाद झाला नाही, आणि मला ते चांगले वाटते. चोरून, अडाणी हातांनी होणाऱ्या गर्भपातात स्त्रिया मरत होत्या, म्हणून तो कायदा आला. आपली श्रद्धा आपण पाळावी, इतरांना सांगावी. २५ वे कलम तेवढे स्वातंत्र्य देतेच. पण ती दंडसंहितेत उतरावी असे आपण म्हणू लागलात, की उद्या दुसऱ्या कुणाची श्रद्धा आपल्या प्रार्थनासभेवर कायद्याने बंधन घालू पाहील, आणि तेव्हा आपल्याकडे कोणते उत्तर असेल? ज्या तत्त्वाने आपले रक्षण होते, त्याच तत्त्वाने आपल्या आग्रहालाही मर्यादा येते. याचा विचार करावा, ही विनंती.

हैदराबादला जाण्याविषयी: जा. आमच्या वाडीतल्या तीन पिढ्या बाहेर गेल्या आणि गणपतीला परत येतात.

मतदारयादी

मी बऱ्याच निवडणुकांत यादीचे काम केले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मुक्काम हलला की मतदार म्हणून नावही हलवावे लागते. कायद्याप्रमाणे जिथे आपला नेहमीचा निवास असतो तिथेच नाव असू शकते, आणि दोन ठिकाणी नोंद ठेवता येत नाही. त्यासाठी ८ क्रमांकाचा अर्ज भरावा, तो ऑनलाइनही भरता येतो. काही दिवसांसाठी बाहेर गेल्याने निवास बदलत नाही, पण वर्षानुवर्षे तिकडे राहून मत मात्र भायखळ्यात ठेवणे योग्य नाही. चाळीच्या पुनर्विकासात आईवडिलांचा पत्ता तात्पुरता बदलणार असेल, तर त्यांची नावे यादीत आहेत की नाहीत हे प्रत्येक निवडणुकीपूर्वी तपासावे. अशा वेळी नावे सर्वाधिक गळतात.

भायखळेकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तनच्या काकांचे उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. कॅसेटचा भाग आल्यावर तिने मला थांबवले आणि तेवढाच पुन्हा वाचायला लावला.

गिरगावच्या वाचकांना: आपला आक्षेप रास्त आहे आणि दोन दिवस तो माझ्या मनात घोळत होता. माझे मत बदललेले नाही. गर्भातले मूल ही माझ्यासाठी श्रद्धेची खूण नाही. तो दुसरा जीव आहे, आणि दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न हा केवळ उपासनेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उरत नाही. परंतु हे कायद्याआधी मंडळीने करून दाखवायला हवे, हे मला मान्य आहे. अडचणीत सापडलेल्या एखाद्या मुलीला आमच्या चाळीतून कुणी आधार दिला होता का, असे मी स्वतःला विचारले. एक घटना आठवली, आणि तेव्हा आधार कुणी दिला नव्हता. तिच्याविषयी याहून अधिक लिहिणे उचित नाही. आपल्याशी बोलताना मला त्या मुलीसाठीही उत्तर द्यावे लागेल, हे ध्यानात आले.

१९५० च्या आदेशाविषयी कुणी लिहिले नाही. कदाचित तो प्रश्न आमच्याच घरांत आधी बोलला जायला हवा.

मी होकार कळवला आहे. तीन वर्षांची मुदत मागितली आणि रविवारच्या पाळीचे लेखी द्यावे असे सांगितले. पहिल्या मागणीला वरिष्ठ हो म्हणाले, दुसरीचे उत्तर अजून आलेले नाही. पाळकसाहेबांनी पत्र तयार ठेवले आहे. तरुण संघातली एक सतरा वर्षांची मुलगी गेल्या रविवारपासून माझ्या शेजारी पेटीपाशी बसते. काळ्या पट्टीची युक्ती तिला दोन कडव्यांत जमली, फक्त ती करंगळीऐवजी अनामिका वापरते.