भाकरी खरी, पण किती?

पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली की रक्तातली साखर आपोआप उतरते, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आल्यावर मीही पोळ्या बंद केल्या आणि दोन चांगल्या जाड भाकऱ्या हाणायला लागलो, वर पिठलं-भात. तीन महिन्यांनी आकडा तोच! आमच्याकडच्या एका भाकरीत दोन फुलक्यांहून जास्त पीठ जातं, हे काट्यावर तोलल्यावर कळलं.

मग जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर मोजायला लागलो. एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडी आणि जेवल्याजेवल्या पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या: १३२. तेच जेवून टीव्हीसमोर बसलो तर १६०च्या वर. (गच्चीची फरशी झिजली, असं बायको म्हणते.)

आणि एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. लोह कमी पडून अ‍ॅनिमिया झाला असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं. माझ्या बहिणीचं ५.९, म्हणजे जरा जास्त, आलं, पण उपाशीपोटीची साखर ९२, म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं तर ९! तिला आधी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.