कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरला महिन्याचा एक तास मिळावा का?

केमो_डेकेअर, इंदूर
मी इथल्या एका खासगी रुग्णालयाच्या केमो डे-केअरमध्ये, म्हणजे रुग्ण केमो घेऊन त्याच दिवशी घरी जातो त्या विभागात, सिस्टर आहे. माझं म्हणणं सरळ आहे. कॅन्सरच्या रुग्णांत काम करणाऱ्या प्रत्येक सिस्टरला महिन्यातून एक तास, ड्यूटीच्या वेळेतच, जाणत्या माणसासमोर बसून आपल्या केसेसबद्दल बोलता आलं पाहिजे. आणि तो माणूस तिचं अप्रेझल लिहिणारा नसावा.

इंग्लंडमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००४ सालीच कॅन्सर रुग्णांच्या मानसिक आधाराच्या चार पायऱ्या आखून दिल्या. स्पेशालिस्ट नर्स दुसऱ्या पायरीवर येते: रुग्णाची घालमेल ओळखायची, पहिला आधार द्यायचा. तिच्या पाठीशी मात्र वरच्या पायरीवरचे मानसशास्त्रज्ञ असतात. तिथल्याच समुपदेशन शिकवणाऱ्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८० च्या दशकात अशा बैठकीची तीन कामं सांगितली: शिकवणं, दर्जा राखणं आणि माणसाला सावरणं. आपल्याकडे पहिल्यासाठी इन-सर्व्हिस क्लास आहे, दुसऱ्यासाठी ऑडिट आहे. तिसऱ्यासाठी पॅन्ट्रीतला चहा.

रोजचीच गोष्ट घ्या. धार-खरगोनकडची बाई येते. नवरा दारातच गाठतो, "सिस्टर, इन्हें बीमारी का नाम मत बताना." राउंड होतो, डॉक्टर पुढे जातात. मग सलाइन चालू असताना बाईच विचारते, "ये लाल दवाई किस चीज़ की है?" ते डॉक्सोरुबिसिन असतं. शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस सडतं, त्यामुळे माझी नजर हातावर. तोंडाने काय बोलायचं? नवऱ्याला दिलेला शब्द पाळायचा की तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं? आणि जे बोलले ते संध्याकाळी घरी कुणाला सांगायचं?

निवृत्त_मेट्रन
अगं, तुझी तळमळ कळते, पण पटत नाही. नातेवाइकाला काय सांगायचं, हे मी नव्या मुलीला शेजारी उभं करून ऐकवायचे. दोन-चारदा ऐकलं की पोरी तयार व्हायच्या. बंद खोलीत तासभर बसून ते येत नाही. आणि ज्याने कधी बेडपॅन उचललं नाही, तो बाहेरचा माणूस आम्हाला काय शिकवणार?

केमो_डेकेअर
मेट्रनबाई, शेजारी उभं करून शिकवणं हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण "त्या मुलाच्या खोलीत जायची मला भीती वाटते" असं तुमच्यासमोर कुणी म्हटलं असतं का? उद्याची ड्यूटी तुम्हीच लावणार होतात.

रात्रपाळी
दोघींनाही नमस्कार. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण असं, की मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर ठिकाणी पाचांमागे एक. माझ्या पाळीला किती रुग्ण असतात ते इथे लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे. ताई, तुमचा तास आला तर काय होईल सांगू? माझ्या सुट्टीच्या दिवशी बोलावतील, रजिस्टरवर सही घेतील, बॅनर लावून फोटो काढतील. नर्सेस डेला केक कापतात ना, तसंच. आधी माणसं भरा.

आकडे_दाखवा
पुरावा कुठे आहे? अशा बैठकांवर जे अभ्यास झालेत त्यांत नर्सना बरं वाटल्याचं दिसतं, पण रुग्णाचं भलं झाल्याचे दाखले फारच तुटपुंजे. शिवाय येतात कोण, तर ज्यांना वॉर्डातून सुटता येतं त्याच! २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्या एका वर्षात २०० डे-केअर कॅन्सर केंद्रं सांगितली आहेत, तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत. तिथल्या नर्सला आधी सुरक्षितपणे केमो द्यायला शिकवा. व्हिन्क्रिस्टीन हे शिरेतून द्यायचं केमोचं औषध चुकून पाठीच्या कण्यात टोचलं तर रुग्ण जवळपास हमखास जातो. तिथे सिरिंजऐवजी वेगळी मिनीबॅग (सलाइनची छोटी पिशवी) आणि दोघींनी केलेली तपासणी जीव वाचवते, गप्पा नाही.

समुपदेशन_कक्ष
मी उलट म्हणेन. जिल्ह्याच्या केंद्रात ती नर्स एकटी असेल, ऑन्कॉलॉजिस्ट इंदूर-भोपाळला. जास्त गरज तिलाच. आणि दोघींनी तपासायचं म्हणता, पण दुसरी न बघताच सही करते हे कुणाला माहीत असतं? त्यांनाच. चूक कळवणारा इन्सिडंट फॉर्म भरला तर शो-कॉज नोटीस येते, म्हणून थोडक्यात टळलेली चूक गिळली जाते. सहा-सात जणींचा कायमचा गट, तेच ते सूत्रधार, असं काही महिने चाललं की या गोष्टी बाहेर पडतात. पहिल्या बैठकीतच सांगायचं: इथलं बोलणं इथेच राहील, पण रुग्णाला धोका असेल तर ते वर जाईल, आणि जाण्याआधी तुला सांगून जाईल. हे लपवून ठेवलं तर गट एकदाच बसतो. (सूत्रधार नर्सच असावा की मानसशास्त्रज्ञ, यावर आमच्यातही भांडणं आहेत. मला कॅन्सरचं काम केलेली, पण दुसऱ्या विभागातली सीनिअर सिस्टर बरी वाटते.)

निवृत्त_मेट्रन
म्हणजे वॉर्डात काय चाललंय ते मेट्रनलाच कळायचं नाही? काही झालं तर चौकशीला मी उभी राहणार. अधिकार कुणाचा आणि जबाबदारी कुणाची, हे आधी ठरवा.

समुपदेशन_कक्ष
जबाबदारी तुमचीच, आणि म्हणूनच तो तास तुमच्याकडे नको. आज तरी तुम्हाला सगळं कळतं का, काकू?

आकडे_दाखवा
हा टोमणा झाला, पुरावा नाही.

केमो_डेकेअर
आमच्याकडे दुपारी तीननंतर खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. सुरुवात तिथून करावी असा अर्ज आम्ही दिला आहे. जास्तीचं माणूस लागत नाही.

रात्रपाळी
डे-केअरला दुपार असते, ताई. इनडोअरला तीन वाजता नव्या ॲडमिशन येतात आणि सकाळच्या मुलींचं हँडओव्हरच संपलेलं नसतं. तुमचा अर्ज मंजूर झाला तर आनंदच आहे, पण त्यावर "सर्व विभागांत लागू" असं लिहून घेऊ नका. मग आम्ही माणसं मागायला गेलो की तोच कागद पुढे करतील.