छोट्या नाट्यगृहातल्या प्रयोगांची तिकिटे परवडणार कशी?

प्रश्न: साठ-सत्तर आसनांच्या छोट्या रंगमंचावरील नाटके मला मनापासून आवडतात, कारण तिथे नटाचा श्वाससुद्धा ऐकू येतो; परंतु महिन्याला दोन प्रयोग पाहायचे म्हटले की खर्च झेपत नाही. स्वस्त तिकिटे कशी मिळवावीत?

उत्तर: ऑनलाइन आरक्षणावर बहुधा सेवाशुल्क लागते, म्हणून शक्यतो तिकीटखिडकीवरच जावे. विद्यार्थी असल्यास ओळखपत्र सोबत ठेवावे.

दुसरे उत्तर: उरलेल्या जागा काही संस्था प्रयोगाच्या तासभर आधी कमी दरात देतात, मात्र कधीकधी रिकाम्या हाती परतावे लागते, याची तयारी हवी. मी स्वतः स्वयंसेवक म्हणून प्रेक्षकांना बॅटरीच्या उजेडात जागा दाखवते आणि तिसरी घंटा झाली की मागच्या पायरीवर बसून पूर्ण नाटक विनामूल्य पाहते.