मदत हवी आहे: तळपायाचा फोटो एकट्याने कसा काढायचा?

मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्यांसाठी छोटं अ‍ॅप करतोय. रोज दोन्ही तळव्यांचा फोटो काढायचा, दवाखान्यातली नर्स तो बघणार. निदान अ‍ॅप करत नाही, हे आधीच सांगतो.

अडलंय फोटोपाशी. बहुतेकजण साठीच्या पुढचे, गुडघे दुखतात, पाय मांडीवर येत नाही. डोळेही अधू. चाचणीतल्या एका आजोबांच्या टाचेत बाभळीचा काटा होता. चपलेला रक्त लागलं तेव्हा कळलं. त्यांनी पाठवलेल्या सातपैकी पाच फोटोंत नुसता अंगठा!

सेल्फी स्टिक दिली, हात थरथरतो. जमिनीवर आरसा ठेवून पाहिला, तर फ्लॅशचा झोत उलटा येतो. मोबाइल भिंतीला टेकवून टायमर लावला, तेव्हा पाय चौकटीबाहेर. दोन्ही पायांच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक हा धोक्याचा इशारा मानतात, पण ते मोजणारी साधनं इथे परवडत नाहीत.

घरात दुसरं कुणी नसतं असंच धरा. फोन साधा अँड्रॉइड, नेट अधूनमधून, जादा खर्च दोनशे रुपयांच्या आत. सूचना मराठीत बोलून देता येतात.

खुर्चीत बसल्या बसल्या, न वाकता, टाचेसकट अख्खा तळवा स्पष्ट यावा यासाठी फोन नेमका कुठे आणि कशावर ठेवायचा?