मदत हवी आहे: चॉकबोर्ड व्हिनाइल कापताना 'हळद'मधल्या ळ चे डोळे निघून येतायत

नमस्कार मंडळी, घरी कटिंग मशीनवर व्हिनाइल (मागून चिकट असलेली प्लास्टिकची शीट) कापणारं कुणी आहे का इथे? गेले चार दिवस ह्याच्यामागे आहे, निम्मा रोल वाया गेलाय, आता कुणाला तरी विचारल्याशिवाय पुढे कापायचंच नाही असं ठरवलंय.

आधी काय करायचंय ते सांगते. सांगलीला आईचं स्वयंपाकघर नवीन करून घेतलंय आणि पुढच्या महिन्यात ती परत तिथे राहायला जातेय. आई ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. रोज परिपाठाच्या आधी फळ्यावर सुंदर अक्षरात सुविचार लिहायची आणि मग खडू मोडून त्याचा तुकडा आडवा धरून तारखेखाली एक जाड पांढरी रेघ ओढायची, ती रेघ मला अजून दिसते. म्हणून डोक्यात आलं की तिच्या सगळ्या काचेच्या बरण्यांना फळ्यासारखी काळी लेबलं करायची, आणि फ्रिजशेजारी एक मोठा फळा, वाणसामानाची यादी लिहायला. बरण्या एकूण २२ आहेत.

मशीन मावसबहिणीचं आहे, १२ इंची, हिरवी मॅट (व्हिनाइल चिकटवून मशीनमध्ये घालायची ती शीट), नेहमीचं बारीक टोकाचं ब्लेड. व्हिनाइल काळं, मॅट म्हणजे बिनचकाकीचं, खडूने लिहिता येतं ते, हाताला साध्या व्हिनाइलपेक्षा जाड लागतं. माझी कल्पना अशी होती की लेबलातून अक्षरंच कापून काढायची, म्हणजे काचेतून आतली हळद दिसेल आणि 'हळद' हा शब्द पिवळाच दिसेल, तिखटाचा लाल दिसेल. कागदावर फार छान दिसत होतं हो! पण नको असलेला भाग काढायला गेलं की ळ च्या आतले दोन बारके गोल सोबत उचलून येतात. ठ चं पण तेच, व चं पण तेच. 'लवंग' पाच वेळा कापलं, पाचही वेळा व भरलेला गोळा नाहीतर नुसतं भोक.

दुसरं म्हणजे शिरोरेषा. स्क्रीनवर अखंड दिसते पण मशीन प्रत्येक अक्षर वेगळं धरून कापतं, म्हणून जिथे दोन अक्षरांच्या रेघा एकमेकींवर येतात तिथे काळ्याची बारीक सळी राहते. आणि मशीनच्या अ‍ॅपमध्ये 'जिरे' टाइप केलं तर पहिली वेलांटी ज च्या उजवीकडे जाऊन बसते. इंग्रजीत कापलं की सगळं व्यवस्थित होतं, पण आईच्या बरणीवर मला इंग्रजी नकोय.

तिसरं, एका तुकड्यावर लिक्विड चॉकच्या पेनाने 'साखर' लिहून बघितलं, ओल्या कपड्याने पुसलं, तरी पुसट साखर तिथेच आहे. फळ्याचं पण असंच होणार असेल तर काय उपयोग? प्लीज कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी शिरोरेषेचं सांगतो कारण ते सगळ्यात सोपं आहे. मशीनच्या अ‍ॅपमध्ये मराठी टाइपच करू नका. कॉम्प्युटरवर इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, त्यात मुक्ता किंवा बलू फॉन्टमध्ये शब्द लिहा, हे दोन्ही 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे, गूगल फॉन्ट्सवर मिळतात. मग ऑब्जेक्ट टू पाथ करा, अनग्रुप करा, आणि सगळं सिलेक्ट करून युनियन. युनियन केलं की शिरोरेषा एकच होते, सळ्या राहत नाहीत. ती फाइल एसव्हीजी (रेषांच्या चित्राची फाइल) करून मशीनच्या अ‍ॅपमध्ये घ्या. वेलांटीचा प्रश्न पण मिटतो कारण आता ते अक्षर राहिलं नाही, चित्र झालं.

कापताना सेटिंग साध्या व्हिनाइलचं ठेवलंय का? चॉकबोर्डवालं जाड असतं, त्याला दाब जास्त लागतो. वरचा थर कापला पाहिजे आणि खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे. कोपऱ्यात एक सेंटिमीटरचा चौकोन कापून बघा, नखाने सहज सुटला आणि मागे कागदावर फक्त ओरखडा असला तर बरोबर. आणि मॅट मशीनमधून बाहेर काढायच्या आधीच बघा, नीट कापलं नसेल तर त्याच जागी परत एकदा फिरवता येतं, एकदा काढली की परत तंतोतंत बसत नाही.

प्रतिसाद २

आमचं रेडियमचं दुकान आहे, नंबरप्लेट, गाड्यांवरची नावं वगैरे, तर ळ चा त्रास आम्हाला रोजचाच. पहिलं म्हणजे ओढताना सरळ वर ओढू नका, सोडवलेला भाग मागे दुमडून अगदी शीटला चिकटवून सावकाश मागे न्या, आणि आतला गोल उचलायला लागला की सुईच्या टोकाने तो दाबून धरा. अक्षर लहान असेल तर तरीही येणारच. किती उंचीचं कापताय?

खरं सांगू का, ही पद्धतच बदला. काळं लेबल सपाट कापा, आयताकृती, कोपरे थोडे गोल, आणि त्याच्यावर पांढऱ्या मॅट व्हिनाइलची अक्षरं चिकटवा. पांढरं पातळ असतं, छान कापलं जातं आणि त्याच्यात ळ चे डोळे काढून टाकायचेच असतात, वाचवायचे नसतात. मागच्या कागदावरून अक्षरं जशीच्या तशी उचलायला अ‍ॅप्लिकेशन टेप लागेल, ती जवळच्या कुठल्याही रेडियमवाल्याकडे मागा, दोन फूट सहज देईल. एक मात्र बघा, अनुस्वार टेपला चिकटतो आणि तिथेच राहतो, म्हणून टेप काढायच्या आधी प्रत्येक टिंबावर नख घासा. लवंग, हिंग, सुंठ काहीही असो, शेवटी टिंबं मोजायची आणि मगच टेप फेकायची.

बरणीला तेलाचा हात लागलेला असतो, तेव्हा आधी साबणाने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे असतं. चिकटवल्यावर निदान तीन दिवस पाणी लावू नका.

धागाकर्ती

अक्षराची उंची १२ मिमी आहे. म्हणजे चूक माझीच, एवढ्या जाड व्हिनाइलमधून एवढ्यात ळ मागत होते. पिवळी 'हळद' सोडायला जीवावर येतंय पण पटलं. युनियन करून 'जिरे' कापलं आत्ताच, शिरोरेषा अखंड आली, फोटो आईला पाठवणार होते पण सरप्राइज आहे! फळ्याचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

फळा नवीन असतो तेव्हा त्याच्यावर थेट लिहायचंच नसतं. साधा पांढरा खडू आडवा धरून पूर्ण पृष्ठभागावर घासायचा, आधी उभा मग आडवा, एकही काळी जागा दिसली नाही पाहिजे, मग कोरड्या कपड्याने पुसायचं. खडूची भुकटी त्या खरखरीतपणात बसते आणि नंतरचं लिहिलेलं चटकन निघतं. हे केलं नाही तर पहिला शब्द कायमचा पुसट दिसत राहतो. लिक्विड चॉक मात्र फळ्यावर नकोच, लेबलावर वापरलं तर चालेल, तिथे रोज थोडंच पुसायचंय.

आणि भिंतीवर डिस्टेंपर असेल तर थेट चिकटवू नका, पोपडा घेऊन निघतं. सनमायकाच्या तुकड्यावर लावा. पाण्यात दोन थेंब भांड्याचं लिक्विड टाकून फवारा, व्हिनाइल ठेवा, सरकवून जागेवर आणा आणि मधून बाहेरच्या बाजूला पाणी काढत जा, बुडबुडे राहत नाहीत. कच्च्या एमडीएफवर मात्र पाणी नको, फुगतो.

अजून एक सुचवू? आईंचं अक्षर फळ्यावर इतकं सुंदर होतं म्हणता, मग फॉन्ट कशाला? जुनी वही असेल ना कुठलीतरी. स्कॅन करा, इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप करा, म्हणजे चित्रातल्या अक्षराची कापता येणारी रेघ तयार होते, तेच कापा.

धागाकर्ती

हे वाचून उठलेच. आईची पदार्थांची वही माझ्याकडेच आहे, कैरीच्या लोणच्याच्या पानावर 'हळद' सापडली, ळ ची शेपटी खालच्या ओळीपर्यंत गेलेली. स्कॅन केलं पण पानावर तेलाचे डाग आहेत, ट्रेस केलं की तेपण येतात. काय करू?

प्रतिसाद ३

थ्रेशोल्ड कमी करत जा, शाई डागापेक्षा गडद असते, एका ठिकाणी डाग जातात आणि अक्षर राहतं. कापण्याआधी १२ मिमीवरून २० वर न्या, हाताचं अक्षर बारीक असतं.

धागाकर्ती

गेले डाग! 'हळद' कापली, दोन्ही डोळे मोकळे झाले. आता वहीत 'मीठ' शोधतेय, तिने सगळीकडे 'चवीपुरतं' एवढंच लिहिलंय, मीठ शब्दच नाही कुठे. 'लोणच्याचं मीठ' असं एका पानाच्या समासात दिसतंय, पेन्सिलने आहे, पुसट आहे. आज रात्री तेच स्कॅन करून बघते.